‘जगता यावं म्हणून’: सरड्यांच्या संशोधनातला एक निसरडा शब्द

‘अंगातलं पाणी टिकवता यावं म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर खवले असतात.’ अशा अर्थाचं वाक्य तुम्ही शाळेत कधी ना कधी लिहिलं असणार, आणि त्याला मार्कही मिळाले असणार. पुढे माहितीपटांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, रीलमध्ये हाच साचा भेटत राहतो. बिळात शिरता यावं म्हणून सापाचे पाय गेले. लपता यावं म्हणून शॅमेलिऑन रंग बदलतो. भिंतीवर चढता यावं म्हणून पालीची बोटं चिकटतात. अमुक करता यावं म्हणून तमुक.

ह्या साच्याला जीवशास्त्रात एक भारदस्त नाव आहे: अनुकूलन. साचा इतका सोयीचा आहे की त्यात काहीही ओता, खरंच वाटतं. १९७९ साली स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोंटिन ह्या दोघांनी एका गाजलेल्या निबंधात नेमकी हीच तक्रार केली होती. प्राण्याचे सुटे सुटे अवयव घ्यायचे, प्रत्येकाचा एक उपयोग कल्पायचा आणि उपयोग सुचला की तेच कारण म्हणून सांगायचं. एक गोष्ट टिकली नाही तर दुसरी रचायची; पण अवयवाला मुळात असा काही उपयोगच नसेल, तो दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात आला असेल, ही शक्यता मात्र तपासायची नाही.

त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात सरड्यांवर फार सुंदर काम झालंय. तेव्हा आज काही पेपर समोर ठेवून एवढंच बघू या, की त्यांतला पुरावा कुठवर पोचतो आणि गोष्ट कुठून सुरू होते. नुसता किस पाडायचा म्हणून हे करत नाहीये. ‘ते काय, जुळवून घेतील’ हे वाक्य आपण प्राण्यांबद्दल किती सहज बोलतो, आणि ते महागात कसं पडू शकतं, तिथे शेवटी पोचायचं आहे.

बिनखवल्यांचा साप

आधी त्या खवल्यांचा निकाल लावू. उत्तर अमेरिकेत गोफर साप नावाचा एक बिनविषारी साप असतो. त्यातला एक जन्मतःच खवले नसलेला साप संशोधकांच्या हाती लागला. पॉल लिक्ट आणि अल्बर्ट बेनेट ह्यांनी त्याची नेहमीच्या, खवलेवाल्या सापांशी तुलना केली आणि १९७२ मध्ये ती प्रसिद्ध केली. खवले जर पाणी अडवत असतील, तर हा साप भराभर सुकायला हवा होता. तसं झालं नाही. त्याच्या कातडीतून पाणी जाण्याचा वेग इतरांसारखाच निघाला.

एकाच सापावरून सगळ्या सापांबद्दल बोलू नये, हे खरंच. पण १९८० मध्ये रॉबर्ट्स आणि लिलीव्हाइट ह्यांनी दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न सोडवला. त्यांनी सापाच्या कातडीतले स्निग्ध पदार्थ द्रावकांनी विरघळवून काढले. खवले जागच्या जागी होते, त्यांची मांडणीही तीच होती, पण आता त्या कातडीतून पाणी कित्येक पटींनी जास्त झिरपायला लागलं. म्हणजे पाणी अडवण्याचं मुख्य काम बाह्यत्वचेतला एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा स्निग्ध थर करतो. खवले त्याच्याबरोबर दिसतात, एवढंच.

आता शाळेतलं वाक्य पुन्हा वाचा. त्यात दोन गोष्टी खऱ्या आहेत: सापांना खवले असतात, आणि कोरड्या हवेतही त्यांच्या अंगातलं पाणी फारसं उडत नाही. चूक आहे ती मधल्या ‘म्हणून’मध्ये. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मधे ‘म्हणून’ चिकटवला की विज्ञान झाल्यासारखं वाटतं. शिवाय जन्मभर समुद्रात राहणाऱ्या सापांनाही खवले असतात, ह्याचा विचार आपल्यापैकी कुणी परीक्षेत केला होता?

वादळातून उरलेले

खवल्यांचं उदाहरण जुनं आहे, आणि ते पाठ्यपुस्तकाचं आहे. आता एक ताजं आणि अस्सल संशोधन घेऊ, जे मला मनापासून आवडतं आणि म्हणूनच जरा कडक वाचावंसं वाटतं.

२०१७ साली कॉलिन डॉनिह्यू आणि त्यांचे सहकारी कॅरिबियन भागातल्या टर्क्स अँड कैकोस बेटांवर ‘अनोलिस स्क्रिप्टस’ नावाच्या छोट्या सरड्यांची मापं घेत होते. तिथल्या दोन लहान बेटांवर बाहेरून आलेल्या उंदरांचा नायनाट करायची योजना होती आणि त्याआधीची नोंद हवी होती. मापं घेऊन मंडळी निघाली, आणि काही दिवसांतच इर्मा हे प्रचंड चक्रीवादळ त्या बेटांवरून गेलं. दोन आठवड्यांनी पाठोपाठ मारिया आलं. असा योग मागून मिळत नाही. गट ताबडतोब परतला आणि उरलेल्या सरड्यांची मापं घेतली.

वादळानंतर सापडलेल्या सरड्यांच्या बोटांखालच्या चिकट गाद्या सरासरीने मोठ्या होत्या. पुढचे पाय लांब होते. मागच्या पायांच्या मांड्या मात्र आखूड होत्या. पहिल्या दोन गोष्टी समजण्यासारख्या आहेत, ज्याची पकड घट्ट तो टिकला. पण मागचे पाय आखूड का?

ह्याचं उत्तर शोधायला त्यांनी बागेतली पानं उडवायचं यंत्र आणलं. सरड्याला एका दांडीवर बसवलं, मागे जाळी लावली आणि वाऱ्याचा झोत हळूहळू वाढवत नेला. सरडा दांडीच्या आडोशाला जाऊन पुढचे पाय अंगाशी घट्ट धरतो, पण मागच्या पायांचे गुडघे बाहेर निघतात. तिथे वारा भरतो, शिडात भरावा तसा. आधी मागचे पाय सुटतात, मग अख्खा सरडा जाळीत. (नंतर सगळ्यांना सुखरूप सोडून दिलं.) मांडी लांब असेल तर शीड मोठं.

२०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये हा पेपर आला तेव्हा यंत्रासमोर लटकणाऱ्या सरड्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, आणि मथळ्यांतून जणू निकाल लागला: वादळांनी सरडे घडवले. आता पेपर उघडून बघा, नेमकं काय दाखवलंय.

दाखवलंय ते असं: वादळाआधी पकडलेल्या सरड्यांचा एक गट आणि वादळानंतर पकडलेल्या सरड्यांचा दुसरा गट, ह्यांच्या सरासरीत फरक आहे. पहिल्या गटातल्या सरड्यांवर खुणा करून ‘हा जगला, हा मेला’ असं पाहिलेलं नाही. कसं पाहणार, वादळ येणार हे कुणाला माहीत होतं? पण त्यामुळे काही फटी राहतात. मोठ्या गाद्यांचे काही सरडे वाऱ्याने दुसरीकडून आणून टाकले असतील का? उन्मळलेल्या झाडांवर जीव मुठीत धरून राहिल्यामुळे काही मापं बदलली असतील का? काही आठवड्यांत हाडाची लांबी बदलणं कठीण, पण मऊ भागांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. ह्या शक्यता लेखकांनी स्वतःच मांडल्या आहेत. मथळ्यांनी त्या गाळल्या.

माझ्या मते त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. वादळ न आलेल्या वर्षी, त्याच बेटांवर, तेवढ्याच अंतराने दोनदा मापं घेतली तर सरासरी किती हलते? ही तुलना पेपरात नाही. निसर्गाने प्रयोग करून दिला, पण जोडीचा कंट्रोल दिला नाही. ‘अभूतपूर्व योगायोग’ असं ज्याचं कौतुक होतं, त्याची दुसरी बाजू हीच असते.

२०२० मध्ये ह्याच गटाने पुढचा पेपर काढला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त वजनदार आहे. दीड वर्षाने बेटांवर पाहिलं तर पुढच्या पिढीतही गाद्या मोठ्याच होत्या. शिवाय त्यांनी अनोल सरड्यांच्या १८८ जाती घेतल्या आणि गेल्या ७० वर्षांतल्या वादळांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. जिथे वादळं जास्त, तिथल्या जातींच्या गाद्या मोठ्या. एकदा उडालेलं धूळ-पाणी खाली बसल्यावर सगळं पूर्ववत होत असेल, ही शंका ह्यामुळे बरीच कमी होते. तरी एक बारीक मुद्दा राहतो. पिल्लांच्या गाद्या मोठ्या निघाल्या, पण ती पिल्लंही त्याच मोडक्या-तोडक्या झाडांवर वाढली होती. गुण जनुकांतून आला की परिस्थितीतून, हे वेगळं करायला दोन्हीकडची पिल्लं एकाच वातावरणात वाढवून बघावी लागतात.

मग हे संशोधन कच्चं म्हणायचं का? अजिबात नाही. मापं, वाऱ्याचा प्रयोग, पुढची पिढी आणि १८८ जाती हे चार वेगवेगळे धागे एकाच दिशेला ओढतात, आणि चांगला युक्तिवाद असाच उभा राहतो. पण ‘वादळात तगता यावं म्हणून गाद्या मोठ्या झाल्या’ हे वाक्य त्यातून निघत नाही. निघतं ते असं: ज्यांच्या गाद्या आधीच मोठ्या होत्या त्यांतले जास्त उरले. हेतू कुणाचाच नव्हता. उरलेल्यांची ही मोजदाद आहे, आणि जे गेले ते समुद्रात गेले.

पाय लांब की आखूड?

समजा, वादळात आखूड मांड्या कामाच्या, हे आपण मान्य केलं. मग सगळ्या अनोल सरड्यांचे पाय आखूडच का झाले नाहीत?

जोनाथन लोसोस, थॉमस शोनर आणि डेव्हिड स्पिलर ह्यांनी बहामाच्या चिमुकल्या बेटांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. तिथे ‘अनोलिस सॅग्रेई’ हा तपकिरी अनोल राहतो. त्याला खाणारा, जमिनीवर वावरणारा, वळलेल्या शेपटीचा एक मोठा सरडा त्यांनी काही बेटांवर सोडला आणि काही बेटं तशीच ठेवली. इथे अनोल सरड्यांवर खुणा केल्या होत्या, त्यामुळे कोण जगलं ते थेट मोजता आलं. पहिल्या सहा महिन्यांत शत्रूच्या बेटांवर लांब पायांचे सरडे जास्त टिकले, कारण त्यांना पळता येत होतं. मग उरलेले सरडे जमीन सोडून झुडपांवर चढले. बारीक फांदीवर लांब पाय अडचणीचे ठरतात. पुढच्या सहा महिन्यांत निवड उलटली आणि आखूड पायांचे जास्त टिकले. २००६ च्या ‘सायन्स’मधल्या ह्या पेपरात सगळं एका वर्षाच्या आत घडतं.

पुराव्याच्या दृष्टीने मला हा पेपर वादळाच्या पेपरापेक्षा पक्का वाटतो. खुणा केलेले सरडे आहेत, कंट्रोलची बेटं आहेत, आणि आधी वर्तवलेली दिशा आहे. पण त्याची गंमत वेगळीच. त्यात पायाची ‘योग्य’ लांबी अशी काही उरतच नाही. जानेवारीत जो गुण तारतो तो जूनमध्ये मारतो, असं समजा. त्यात वादळ आलं तर हिशोब पुन्हा बदलणार. सरडा एका परिस्थितीसाठी घडवलेला असतो, ही कल्पना इथे मोडते. त्याचं शरीर म्हणजे आजवरच्या अनेक, एकमेकांना छेद देणाऱ्या परीक्षांतून कसंबसं सुटलेलं काहीतरी असतं. पुढच्या परीक्षेचा पेपर त्याला आधी कुणी दिलेला नसतो.

चाळकेवाडीचे सरडे

इथवर सगळं लांबच्या बेटांवर चाललं होतं. आता साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर या. पवनचक्क्यांमुळे ते तुम्हाला माहीत असेल. ह्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी झालर असते, निळी, काळी आणि नारिंगी. २०१६ मध्ये ह्या सरड्यांची वेगळी प्रजाती ठरवली गेली आणि तिला नाव दिलं ‘सराडा’, आपल्या मराठी ‘सरडा’वरूनच. हा त्यातला ‘सराडा सुपर्बा’.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले ह्यांचा ह्या पठारावरचा पेपर २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आला. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग ह्यांची त्यांनी तुलना केली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी आणि त्यांचे हल्ले जवळजवळ चौपट कमी. सरड्यांची दाटी जास्त. माणूस बराच जवळ गेला तरी हे सरडे पळत नाहीत. ताण दिल्यावर रक्तात वाढणारं संप्रेरकही त्यांच्यात कमी आढळलं. पण अंगाने ते बारीक होते, आणि नरांच्या झालरीचे रंग फिके होते.

आता इथे ‘म्हणून’चा मोह किती होतो बघा. ‘शत्रू नाहीत म्हणून सरडे निर्धास्त झाले. त्यांनी पवनचक्क्यांशी जुळवून घेतलं. संख्याही वाढली, मग वाईट काय झालं?’ हा पेपर असा वाचणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांत पर्यावरणावर प्रेम करणारीही होती.

लेखकांनी मात्र ‘जुळवून घेतलं’ असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की वरचे शिकारी कमी झाले की त्याचे परिणाम खाली झिरपतात, म्हणजे चक्क्या ह्या साखळीत सगळ्यांत वरच्या शिकाऱ्यासारखं काम करतात. शत्रूचं भय कमी झालं, गर्दी वाढली, आणि गर्दीमुळे खाण्यासाठीची चुरस वाढली असावी. बारीक अंग आणि फिके रंग त्याच्याशी जुळतात. हे एकाच सरड्याच्या आयुष्यात झालेले बदल आहेत की पिढ्यान्‌पिढ्यांची निवड, हा प्रश्न त्यांनी सुटला असं दाखवलेलं नाही.

त्यांच्या पेपरावरही एक आक्षेप घेता येतो, आणि तो घ्यायला हवा. पवनचक्क्या येण्याआधीची मापं नाहीत. चक्क्यांचा भाग आणि मोकळा भाग आधीपासूनच वेगळे असतील तर? लेखकांची बाजू अशी की दोन्ही भाग एकाच पठारावरचे, एकसारख्या अधिवासाचे आहेत, आणि पक्षी, संप्रेरकं, वागणूक, रंग हे सगळे पुरावे एकमेकांना धरून आहेत. मला ती बाजू पटते. पण कॅरिबियन गटाला उंदरांच्या निमित्ताने ‘आधीची मापं’ मिळून गेली, तशी आपल्याकडे किती पठारांची आहेत? बांधकाम सुरू होण्याआधी कुणी सरडे मोजत नाही. कागदोपत्री अशा जागेला सर्रास पडीक म्हणून मोकळं होतात. मग बदल झाला की नाही, हा वाद कायमचा चालू ठेवता येतो, आणि तो चालू राहणं कुणाच्या सोयीचं असतं ते तुम्हीच ठरवा.

कुंपण

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. सरड्यांच्या बाबतीत ती शब्दशः तपासून बघण्यासारखी आहे.

सरडे शरीराची उष्णता स्वतः फारशी निर्माण करत नाहीत. ऊन घ्यायचं, तापलं की सावलीत जायचं, ह्यावर त्यांचा दिवस चालतो. ‘वाळवंटातले सरडे उन्हाला सरावलेले असतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण बघत असतो ते त्यांचं ऊन टाळणं. सावलीत बसणं हाच त्यांचा उपाय. पण सावलीत बसलेल्या वेळात खाणं मिळत नाही. बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या ‘स्केलोपोरस’ सरड्यांच्या २०० जागा पुन्हा जाऊन पाहिल्या. १९७५ पासून तिथल्या स्थानिक वसाहतींपैकी १२ टक्के नाहीशा झाल्या होत्या. २०१० च्या ‘सायन्स’मधल्या ह्या पेपराचं स्पष्टीकरण असं: विणीच्या काळात उन्हाचे तास इतके वाढले, की सावलीत बसूनच दिवस जायला लागला आणि पिल्लांपुरतं खाणं जमेना. सरडा उन्हाने भाजून मरत नाही. त्याचा खाण्याचा वेळ संपतो.

ह्या पेपरातलं भाकीत मात्र मी जपून वाचतो. २०८० पर्यंत जगातल्या सरड्यांच्या २० टक्के जाती नष्ट होतील, असं त्यांच्या गणितातून निघतं. एका ठिकाणच्या, एका गटाच्या सरड्यांवर बेतलेलं गणित पाली, घोरपडी आणि जंगलातले सरडे ह्या सगळ्यांना लावायचं तर मधे बरीच गृहीतकं घालावी लागतात. झाडाची सावली, जमिनीचा चढ-उतार, बीळ किती खोल, ह्यावर खूप काही अवलंबून असतं. आकड्यावर वाद जरूर घालावा. पण पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा वसाहती रिकाम्या सापडल्या, ती नोंद कुठल्याही गृहीतकावर उभी नाही.

तेव्हा ह्यापुढे कुठलाही माहितीपट किंवा पोस्ट (ह्या ब्लॉगवरचीसुद्धा) ‘जगता यावं म्हणून’ असं म्हणेल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. ह्या गुणात एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये फरक होता का, आणि तो कुणी मोजला? त्या फरकामुळे कोण जगलं आणि कोण मेलं, हे पाहिलं का? आणि तो गुण पुढच्या पिढीत जातो, हे दाखवलं का? तिन्हींची उत्तरं मिळणं दुर्मिळ आहे. दोन मिळाली तरी चांगलं काम म्हणायचं. एकही नसेल तर ती गोष्ट आहे, गोष्ट म्हणून वाचा.

आणि एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत कुणी म्हणालं की ‘सरपटणारे प्राणी चिवट असतात, कोट्यवधी वर्षं टिकलेत, हेही पचवतील’, तर चौथा प्रश्न विचारा: टिकलेत त्यांचीच मोजदाद करताय ना? जे टिकले नाहीत त्यांची यादी कुठे आहे, आणि प्रकल्प सुरू व्हायच्या आधी त्या पठारावर जाऊन सरडे कोण मोजणार आहे?